मी सारवलेला कालवा

कळसच्या शाळेतला आख्खा कालवा मी एका सकाळी शेणानं सारवून टाकला, एवढी मी हुशार! माझ्या लहानपणची, महायुद्धाआधीची गोष्ट. महिनाभरासाठी आलेले एक मास्तर आम्हांला गोल बसवायचे आणि काही विचारलं, की कान खाजवत आमच्याच तोंडाकडं बघत राहायचे. त्यांच्यासोबत आम्ही वर्गाच्या जमिनीवर ओल्या मातीचा, आमच्या रानांना पाणी देणाऱ्या कालव्यासारखा कालवा केला होता. असलं शिकवणं चालू ठेवायचं का, ते शाळा तपासायला येणारे साहेब कालवा बघून ठरवणार होते. साहेबांपुढं चिखल कशाला, म्हणून मी वर्ग स्वच्छ केला!

डोळे मिटले, की अजून तो ओला वास येतो. आपण काय करून बसलो, ते कळल्यावर मी रडत होते. मास्तरांनी माझ्या ओंजळीत चिखल ठेवला.

“रडू नगंस, बाय. तुझ्या रानात पाणी कुठनं येतं, ते तुलाच ठावं हाय. साहेबांसमोर तूच कालवा काढ.”