मान माही हाय
टिंक्चर आयोडीनचा वास आला की मला अकोल्याचा तो दवाखाना आठवतो. गळ्याच्या गाठीनं आई बेजार झाली होती. छाती सारखी धडधडायची, डोळे बाहेर आले होते आणि हात असे कापायचे की भाकर तव्यावर टाकतानाच फाटायची. शेवटी बाबा आम्हा दोघींना घेऊन वाशीमहून आगगाडीनं अकोल्याला आले. डॉक्टर म्हणाले, "औषधानं थोडे दिवस आराम पडेल, पण गाठ कापूनच काढावी लागेल. जिवाला धोका आहे, आवाजही बसू शकतो." बाबांनी संमतीचा कागद परत सरकवला. "चाल घरी. गळा कापू देते काय कोनी?" आई म्हणाली, "अवो, दोन वर्सं अंगारे लावले, काय झालं? असं मरत मरत जगन्यापरीस एकदा कापूनच घेतो." बाबा काही बोलायच्या आत तिनं अंगठा शाईत बुडवला. "मान माही हाय, तं अंगठाबी माहाच." शुद्धीवर आल्यावर तिनं पाणी मागितलं तेव्हा आवाज घोगरा निघाला, आणि तो कायम तसाच राहिला; पण धडधड थांबली. त्याच आवाजात ती पुढं तीस वर्षं आम्हा सगळ्यांना दटावत राहिली. आज माझी मुलगी बत्तीस वर्षांची आहे. आई तेव्हा तिच्याहूनही लहान होती, हे मला आत्ता कुठं ध्यानात येतं.