दम लागणं आणि दम लावणं

धुकं असं पडलं होतं की समोरची इमारत रात्रीतून कुणी उचलून नेलीय असं वाटावं. विजयालक्ष्मीबाईंनी फडकं पिळलं आणि गॅलरीतली कपड्यांची तार पुसली. फडकं काळं. उलटं करून पुसली, पुन्हा काळं. गाझियाबादच्या या नव्या सोसायटीत आल्यापासून असंच होतं. आधी तार धुवायची, मग तिच्यावर धुतलेलं घालायचं.

हात तारेवर, पण कान खाली. खाली बागेत मुरलीधरराव फेऱ्या मारत होते. दिसत नव्हते, नुसते खोकत होते. शिट्टीवरून गाडी कुठवर आली ते कळतं ना, तसा बाईंना खोकल्यावरून नवरा कळायचा. हा गेटपाशी. हा पाण्याच्या टाकीमागं.

मुरलीधरराव सरकारी नोकरीत, लोकांना आरोग्याचं शहाणपण सांगणाऱ्या प्रचार विभागात. ‘सुबह की सैर, रोगों से बैर’ ही घोषणा त्यांचीच. बसथांब्यांवर झळकली आणि रावांच्या अंगात शिरली. सुपारीचं खांड कधी तोंडात नाही, चहा अर्धाच कप. म्हणायचे, “माणूस आजारी पडतो तो आपल्या सवयींनी, विजू. सवयी सुधारा, दवाखाने ओस पडतील.”

दिल्लीत सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये होते तोवर हे खपून गेलं. तिथं दारात कडुनिंब होता. मग जो तो यमुनेपलीकडं स्वतःचं घर घ्यायला निघाला, तसे हेही निघाले. इथं चारी बाजूंना अर्धवट उभे मजले, पल्याड वीटभट्ट्या. वीज गेली की गॅलरीगॅलरीतून जनरेटर धडधडायचे. दुसराच हिवाळा हा. पण राव जिना चढून आले की भिंतीला हात लावून उभे राहायचे आणि वर सांगायचे, “काही नाही, चपलेत खडा गेला.”

बाईंचा हात थांबला. गेटपाशी खोकला यायला हवा होता. आला नाही. टाकीमागंही नाही.

“तनू! ऊठ गं!” अशी लेकीला हाक मारत बाई फडक्यासकट जिना उतरल्या.

गेटपाशी चौकीदाराच्या स्टुलावर राव बसले होते. पुढ्यात शेकोटी, आणि शेकोटीत टायर जळत होता.

“बाबूजी की साँस चढ़ गयी, आंटी,” चौकीदार काळजीनं म्हणाला. “मैंने कहा, आग के पास बैठ जाओ, आराम मिलेगा.”

त्या काळ्या धुरात तोंड घालून मुरलीधरराव श्वास शोधत होते.

डॉक्टर त्यागींकडं तिघंही गेले. रावांना बोलवत नव्हतं, म्हणून बाईच पुढं झाल्या. दिल्लीत वीस वर्षं काढली, पण घाबरल्या की बाईंची हिंदी थेट अमळनेरला पोचायची.

“डॉक्टरसाहब, इनको सुबह-सुबह दम लगता है.”

डॉक्टरांनी चष्म्यावरून रावांकडं पाहिलं. “रोज़?”

“रोज़. चलते हैं तो बहुत लगता है.”

“अच्छा, चलते-चलते! और भरते क्या हैं? बीड़ी, या कुछ और?”

बाईंना कळेना. “भरते? पानी भरते हैं. नल को सुबह ही आता है ना.”

“शरम कीजिए, भाईसाहब!” डॉक्टर कडाडले. “इस उमर में सुबह उठते ही चिलम?”

राव खुर्चीतून उठायला गेले आणि खोकून खोकून परत बसले. तनयाला हसू आवरेना. “आई, यार! दम लगाना म्हणजे इकडं गांजा ओढणं!” मग डॉक्टरांना, “सर, मराठी में दम लगना मतलब साँस फूलना. पापा तो सौंफ भी सोचकर खाते हैं.”

डॉक्टर हसले, पण छातीला नळी लावल्यावर हसू मावळलं. “पीते नहीं, फिर भी छाती पीनेवाले की है. होली तक सुबह की सैर बंद.”

“सैर बंद?” रावांना कसाबसा आवाज फुटला. “सैर तो अच्छी चीज़ है!”

“सैर अच्छी है. हवा अच्छी नहीं.”

राव दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेले ते घोषणेखाली एक ओळ जोडून घ्यायचीच, असं ठरवून: आधी हवा बघा, मग पाय काढा. संध्याकाळी परतले ते बूट न काढताच बसून राहिले.

“काय म्हणाले साहेब?”

“म्हणाले, हवा आपल्याकडं येत नाही, ते खातं वेगळं. आपल्याकडं नुसती फुप्फुसं.”

“मग सांगायचं होतं, दोन्ही खात्यांची गाठ माझ्याच नाकात पडते म्हणून!”

एरवी राव हसले असते. आज नाही हसले.

सकाळी बाईंना जाग आली ती बुटांच्या आवाजानं. राव निघाले की काय म्हणून उठून बसल्या. पण आवाज घरातलाच होता. स्वयंपाकघर ते बैठक, बैठक ते स्वयंपाकघर. पिंजऱ्यातल्या वाघासारखे राव येरझारा घालत होते.

“बाबा, झोपू द्या ना!” आतून तनया कुरकुरली.

राव दारापाशी थांबले. कडीवर हात. “विजू, जरा खाली डोकावतो. आज बरी वाटतेय हवा.”

बाईंनी गॅलरीत जाऊन तारेवरनं फडकं फिरवलं आणि आणून त्यांच्यासमोर धरलं.

राव फडक्याकडं बघत राहिले. मग कडीवरचा हात खाली आला.

“चहा टाक. पूर्ण कप.” आणि पुन्हा स्वयंपाकघराकडं चालू लागले. तिथून खोकले.

बाईंनी चहाचं आधण ठेवलं, नळाखाली फडकं चोळलं. काळं पाणी मोरीत गेलं. मग गॅलरीचं दार मागं ओढून घेतलं आणि उरलेली तार पुसायला घेतली. कान आता पाठीमागं होते.