सकाळची गोळी

त्या सकाळीही बायकोने मला आ करायला लावला. चहा उकळत होता. गोळी माझ्या तळहातावर ठेवली, पाण्याचा पेला दिला आणि समोर उभी राहिली.

"आ करा."

"अगं गिळली."

"जीभ वर करा. तुमच्यावर भरोसा ठेवूनच केस पांढरे झाले माझे."

मी जीभ वर केली. तिने आत बघितलं आणि म्हणाली, "दात घासत चला जरा." मग ती कपडे वाळत घालायला गॅलरीत गेली. आमचं शेवटचं बोलणं हेच.

ही दारू सोडायची गोळी. कल्याणजवळ मोहने गावात मी कामाला होतो ती कंपनी बंद पडली आणि मी प्यायला लागलो, असं मी लोकांना सांगायचो. खोटं आहे. आधीपासूनच प्यायचो, कंपनीचं निमित्त झालं. शेवटी हात इतके कापायचे की बशी धरवेना. गोळी देताना डॉक्टरने बजावलेलं, हिच्यावर थेंब जरी घेतला तरी जिवावर बेतेल. सुरुवातीला मी ती जिभेखाली धरून मोरीत थुंकायचो. एकदा तिला मोरीत गोळी सापडली, तेव्हापासून हे आ करणं सुरू झालं. खोकल्याचं औषधसुद्धा ती मेडिकलवाल्याला विचारून घ्यायची, त्यातही कधी दारू असते म्हणून.

कपडे वाळत घालतानाच तिच्या छातीत कळ आली. रिक्षा येईपर्यंत संपलेली. संध्याकाळी नदीवर मीच अग्नी दिला.

आमच्या चाळीत स्मशानातून आल्यावर खांदा दिलेल्यांना थोडी पाजतात. चाळीमागे पाण्याच्या टाकीजवळ सगळे बसलेले. कंपनीतला माझा जोडीदार म्हणाला, "घे रे थोडी. आज कोण बोलणार तुला?"

आज कोण बोलणार. हे शब्द मला गोड लागले. लिहायला लाज वाटते, पण लागले. मनात म्हटलं, गोळी सकाळची आहे, प्रेशरच्या गोळीसारखा हिचाही जोर आतापर्यंत उतरला असेल. आणि उद्यापासून आ करा म्हणणारं कोणी नाही. असा विचार केला मी, तिची चिता जळत असताना.

अर्धा ग्लास घेतला. थोड्या वेळात तोंड भाजल्यासारखं तापलं. डोकं फुटायला आलं, छाती धडधडायला लागली, श्वास पुरेना. कसाबसा घरात आलो. जिथे तिला निजवलेलं तिथे पीठ पसरून दिवा लावलेला होता. त्याच्या शेजारीच मी ओकलो. चाळीतल्या बाया बसल्या होत्या, सगळ्यांनी बघितलं. आमची एकुलती मुलगी, ठाकुर्लीला दिलेली, ती तिथेच होती. तिने आधी दिवा सांभाळला, मग मला.

कल्याणच्या दवाखान्यात सलाईन लावलं. डॉक्टरने विचारलं, गोळी कधी घेतली?

"सकाळी. म्हटलं, उतरली असेल."

"बाबा, ही एका दिवसात उतरत नाही. बंद केली तरी आठ-पंधरा दिवस अंगात राहते. दारूचं अंगात आधी विष होतं, मग अंग ते विष मोडतं. ही गोळी ते मोडूच देत नाही. केवढं प्रेशर पडलेलं तुमचं! थोडक्यात वाचलात. आता मी सांगेपर्यंत गोळीही घ्यायची नाही."

म्हणजे ती जळून गेली तरी तिने दिलेली गोळी माझ्या अंगात राखण करत होती.

मुलगी खाटेशी उभी होती. डॉक्टर गेल्यावर म्हणाली, "चिता तरी विझू द्यायची होती, बाबा. सकाळी अस्थी गोळा करायला तुम्ही येऊ नका. प्यायलेल्या माणसाच्या हातात मी आई देणार नाही."

बरोबरच होतं तिचं.

सकाळी सोडलं. घरी येऊन गार पाण्याने अंघोळ केली. जावई रिक्षा बघायला गेलेला. मुलगी अस्थींसाठी नवं मडकं घेऊन दारात उभी होती. मी फळीवरून गोळ्यांचं पाकीट काढलं आणि तिच्यापुढे धरलं.

"डॉक्टर सुरू कर म्हणाला की तू द्यायची. रोज ठाकुर्लीला येईन मी."

तिने पाकीट घेतलं नाही. नुसती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी तिच्याजवळ गेलो, वाकलो आणि आ केला, वास बघ म्हणून. मग तिने सांगायच्या आधीच मी जीभही वर केली.