फोराकाकांचा निरोप

छापखान्यात मुद्रितं तपासणाऱ्या काकांना सगळे फोराकाका म्हणत. इंग्रजी मजकुरात कुणी 'फोरम्स' लिहिलं की त्यांचं डोकं फिरायचं. "शब्द लॅटिनचा आहे, अनेकवचन 'फोरा'च," असं म्हणत ते जाडजूड शब्दकोश उघडत. यंत्रवाला तेवढ्यात निवांत चहा टाकायचा. काकांची लाल टिक पडली की त्या कागदाला हात लावायची कुणाची छाती नव्हती.

त्यांच्या निवृत्तीच्या समारंभाचं कार्डही रीतीप्रमाणे त्यांच्याकडेच तपासायला गेलं. त्यात त्यांनी आजवर केलेल्या कामांचं इंग्रजीत कौतुक होतं. काकांनी 'मेमोरँडम्स'चं 'मेमोरँडा' केलं, 'सिलॅबसेस'चं 'सिलॅबाय' केलं आणि समाधानाने टिक मारली. तारीख मागच्या महिन्याची पडली होती. यंत्रवाल्याने ती पाहिली, पण लाल टिक बघून कार्ड तसंच छापलं.

समारंभाला छापखान्यातली चार माणसं सोडली तर सगळ्या खुर्च्या रिकाम्या. काकूंनी पर्समधून कार्ड काढून वाचलं आणि तारखेवर बोट ठेवून काकांच्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवशी काका नेहमीच्या वेळेला टेबलाशी हजर.

"निरोप कुठे झालाय अजून?" ते मालकांना म्हणाले. "नवं कार्ड काढा. तपासतो मी."

यंत्रवाल्याने चहा टाकला.