कुंडलिकचं पहिल्या वर्गाचं सर्टिफिकेट

कुंडलिकचं कौतुक मला सांगू नका. माळशिरसकडच्या मेंढक्याचा हा पोरगा, सोलापुरात येईपर्यंत हातात काठीशिवाय काही धरलं नव्हतं. १९३४ साली बापानं मेंढरं विकून याला चनबसप्पा मास्तरांच्या टायपिंग क्लासात घातलं. मी तिथं चार महिने आधीपासून बसत होतो. तरी मास्तर म्हणायचे, "जोतीराम, बोटं चालवावीत तर कुंडलिकसारखी!" माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

मास्तरांनी क्लासातच घेतलेल्या परीक्षेत त्याला पहिला वर्ग, मी नुसता पास. त्याच्या आईनं, केराबाईनं, ते लाल शिक्क्याचं सर्टिफिकेट देवापुढं ठेवून त्याला हळद-कुंकू वाहिलं. माझं ट्रंकेत पडलं.

क्लासात मशीन एकच आणि त्याचं इंग्रजी 'ई' तुटलेलं. मास्तरांनी ते कधी दुरुस्त केलं नाही. 'ई' आलं की जागा सोडायची आणि मागनं टाकानं अक्षर भरायचं, हीच सवय त्यांनी सगळ्यांच्या बोटांना लावली.

मग गिरणीच्या ऑफिसात टायपिस्टची जागा निघाली. जागा एक, आम्ही दोघं. मी त्याच ऑफिसात टपाल वाटायचो. जेवणाच्या सुट्टीत तिथल्या दोन्ही मशीनवर गुपचूप हात मारून पाहिला, तर सगळी अक्षरं धड. आठवडाभर 'ई' दाबायची सवय करून घेतली. कुंडलिकला सांगितलं का? छे! का म्हणून सांगू?

नोकरीच्या परीक्षेदिवशी ऑफिसच्या दारातच त्यानं विचारलं, "जोत्या, लई धाकधूक व्हतीया. हितलं मशीन कसं हाय रं?"

"आपल्या क्लासातल्यासारखंच की," मी म्हणालो.

आत त्याची बोटं काय पळाली! माझ्या आधी कागद काढला आणि म्हणतो, "सायेब, जरा दौत-टाक द्या की." साहेबानं कागद पाहिला. ओळीओळीत भोकं. सगळं ऑफिस खो खो हसलं. जागा मला मिळाली.

वाटलं, आता तरी पोटातली आग विझेल. कुठलं काय! कुंडलिक गिरणीतच मागावर लागला. तिथली माणसं त्याच्यावर जीव टाकतात, चहाला त्याच्यासाठी खोळंबतात. माझ्यासाठी ऑफिसात कुणी खुर्चीसुद्धा सरकवत नाही. आणि हा भेटेल त्याला सांगत सुटलाय, "जोत्यालाबी मशीनचं ठावं नव्हतं. पर बसल्या बसल्या वळखलं गड्यानं. आमचा जोत्या लई हुशार!"

अरे, कुणीतरी गप्प करा हो त्याला!