फाटकावरच्या खाला

खालांनी कुणाला ‘आत या’ म्हटल्याचं मला आठवत नाही. निदान आमच्या फाटकावर तरी नाही. बाहेरच्या बाहेर माणसाची इतकी सरबराई करणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. खुर्ची, पाणी, चहा, पोराबाळांची विचारपूस, सगळं साग्रसंगीत व्हायचं. फाटकाची कडी मात्र निघायची नाही. माणूस तासभर बसून उठायचा, समाधानाने चालू लागायचा आणि कोपऱ्यावर गेल्यावर त्याच्या लक्षात यायचं, की ज्याला भेटायला आलो तो राहूनच गेला.

ज्याला भेटायचं राहून जायचं तो मी. गावातच, नेरच्या शाळेत गणित शिकवत होतो, तब्येत ठणठणीत होती आणि ऐन तिशीत रक्ताचा कॅन्सर निघाला. नागपूरला किमोची पहिली फेरी झाल्यावर डॉक्टरांनी थोड्या दिवसांसाठी घरी सोडलं. सोडताना आईला बजावलं, की याच्या पांढऱ्या पेशी जवळजवळ संपल्या आहेत, काउंट पार उतरले आहेत, नव्या तयार होईपर्यंत साधी सर्दीसुद्धा याच्या जिवावर बेतू शकते. गर्दी नको, कच्चं नको, शिळं नको, आणि ताप आला तर घरी औषधपाणी करत बसू नका. आईने सगळ्याला मान डोलावली. पण आमच्या गावात आजाऱ्याला बघायला न जाणं म्हणजे वैर धरणं, आणि बघायला आलेल्याला दारातून परत लावणं म्हणजे त्याहून मोठं वैर, हे नागपूरच्या डॉक्टरांना कोण सांगणार? आमची गाडी गल्लीत शिरली तेव्हा अर्धी गल्ली आमच्या अंगणात जमली होती. कुणाच्या हातात द्राक्षं, कुणाच्या हातात हार. आईचा चेहरा रडवेला झाला.

खाला शेजारच्या. त्यांच्या नवऱ्याचं मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान होतं, ते गेल्यावर दुकान विकलं, एकुलती मुलगी पुसदला दिली आणि मागे खाला एकट्याच उरल्या. त्यांनाही रक्ताचाच कॅन्सर होता, पण सावकाश चालणारा, रोजच्या गोळीने आवाक्यात राहणारा. त्या स्वतः सांगायच्या, “माह्यावाला गोळीवर चालते, तुह्यावाला सुईवर. खानदान एकच आहे.” कापसाच्या जिनिंग कारखान्याचा भोंगा वाजला की त्या गोळी घ्यायच्या. पाहुणे असोत, लग्न असो, भोंगा झाला की खाला पाण्याचा ग्लास शोधायच्या. बरं वाटतंय म्हणून गोळीला नागा करणाऱ्यांचा त्यांना भयंकर राग होता.

त्या दिवशी खालांनी आमचं अंगण कसं रिकामं केलं ते मला गाडीच्या काचेतून दिसलं. त्या आल्या, मोठ्याने म्हणाल्या की मास्तरला चक्कर येतेय, वारा लागू द्या, आणि लोक बाहेर सरकले तसं आपली प्लॅस्टिकची खुर्ची फाटकाला लावून बसल्या. पुढचे कितीतरी महिने मी घरी असलो की ती खुर्ची तिथेच असायची. शेजारी साबण, पाण्याची बादली आणि लसणाची टोपली.

लसूण ही खालांची युक्ती होती. माणूस आजाऱ्याला भेटायला येतो तेव्हा त्याला काहीतरी करायचं असतं, आणि करण्यासारखं काही नसल्यामुळे तो नको ते करतो, असं त्यांचं मत. म्हणून आलेल्याच्या पुढ्यात त्या मूठभर गड्डे टाकायच्या. “मास्तर आंघोळ करून राह्यला. तोवर थोडा लसूण सोला न.” त्या हिशेबाने मी दिवसभर न्हाणीतच असायचो. मुख्याध्यापकांनी सोलला, नगराध्यक्षांनी सोलला, ज्यांनी स्वतःच्या घरी पाण्याचा पेला उचलून ठेवला नाही त्यांनीही सोलला. सोलता सोलता खाला त्यांचा रक्तगट काढून घ्यायच्या. मग तो माणूस त्यांच्या लेखी त्याच नावाने ओळखला जायचा. पुढे मला प्लेटलेटची गरज पडली तेव्हा आई घाबरून गेली होती आणि खाला फोनवर शांतपणे सांगत होत्या, की बी पॉझिटिव्हवाल्या भाऊजींना उठवा, त्यांनी लसूण फार चांगला सोलला होता.

खरी पंचाईत तीर्थप्रसादाची होती. कुणी कुलदैवताचा अंगारा आणायचं, कुणी तीर्थाची बाटली, कुणी दर्ग्यावरचं पाणी, कुणी पपईच्या पानांचा हिरवागार रस. नाही म्हणावं तर देवाचा अपमान, पोटात घ्यावं तर डॉक्टर ओरडणार. खाला पदर डोक्यावर नीट करून सगळं दोन्ही हातांनी घ्यायच्या, कपाळाला लावायच्या आणि “पोचवतो” म्हणायच्या. अंगारा आमच्या दाराच्या चौकटीला लागायचा. पाणी, मग ते कुठल्याही देवाचं असो, फाटकाजवळच्या कढीपत्त्याला जायचं. ते झाड त्या वर्षी असं काही फोफावलं की साऱ्या गल्लीच्या फोडण्या त्याच्यावर निघायच्या. आई थोडी कचरायची, पण खालांचा हिशेब साफ होता. झाडाचे काउंट चांगले आहेत, त्याला कच्चं पाणी चालतं.

फाटक बंद राहिलं तशी गावात कुजबुज सुरू झाली, की मास्तरचा रोग लागणारा आहे, म्हणून कोणाला आत जाऊ देत नाहीत. आमच्याकडे दूध घालणारा दूध लांबूनच ओतायला लागला. हे खालांच्या कानावर गेलं. त्यांनी आईला सांगून माझा अर्धा प्यालेला चहाचा कप मागवला आणि फाटकावर बसलेल्या चारचौघांसमोर तो उष्टा चहा चवीने पिऊन टाकला. साखर कमी आहे असंही वर म्हणाल्या. मग कप खाली ठेवून म्हणाल्या, “त्याच्यापासून तुमाले काही होत नाही. तुमच्यापासून त्याले होते.” हे वाक्य त्यांनी पुढे किती उंबऱ्यांवर ऐकवलं असेल देव जाणे. एका घरी असाच आजार निघाला म्हणून सुनेचं ताट वेगळं ठेवलं होतं, तिथे जाऊन त्या तिच्याच ताटात जेवून आल्या.

इतरांचं ठीक होतं. मोठा मामा आला तेव्हा खालांची कसोटी लागली. वडील गेल्यावर मला वाढवलं ते मामाने. तो दारव्ह्याकडून स्वतःची बोलेरो घेऊन आला, फाटकाची कडी काढायला हात घातला आणि त्याला खोकल्याची उबळ आली. खालांनी कडीवर हात ठेवला. मामा भडकला. मी खिडकीतून पाहत होतो आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला खालांचा राग आला होता. मामाच्या कुशीत डोकं खुपसून रडावंसं फार वाटत होतं. खालांनी त्याच्यापुढे लसूण टाकला नाही. त्या उठून उभ्या राहिल्या.

“मामा, त्याच्यापाशी जाचा पहिला हक्क तुमचाच आहे. म्हणूनच तुमाले हात जोडून सांगून राह्यलो. हा खोकला घेऊन जासान, तर तुमचाच भाचा जाईन.”

मामाने कडीवरचा हात काढून घेतला. मग अंगणाच्या पलीकडे उभा राहून त्याने मला हात केला आणि धोतराने डोळे पुसत गाडीत बसला. पुन्हा या दारात पाऊल टाकणार नाही, असं आईला बजावून गेला.

दिवसभर एकटं पडून राहायचा मला कंटाळा यायचा, कधी कधी भीती वाटायची. खालांना ते न सांगता कळायचं. संध्याकाळी त्या तोंडाला मास्क लावून खिडकीबाहेर उभ्या राहायच्या आणि दिवसभरात कोण आलं, कोण काय म्हणालं, ते नकलांसकट सांगायच्या. नगराध्यक्षांची लसूण सोलायची तऱ्हा त्या अशी करून दाखवायच्या की हसून हसून माझ्या बरगड्या दुखायच्या. त्या सगळ्या महिन्यांत खाला स्वतःही कधी माझ्या खोलीत आल्या नाहीत, हे मला फार उशिरा उमगलं. जो नियम जगाला तो त्यांनाही होता.

एके दुपारी मला थंडी वाजून आली. आईने थर्मामीटर लावला, ताप होता. आई बिचारी तापाची गोळी शोधायला धावली. खिडकीतून खालांचा आवाज आला, “गोळी ताप लपवते, नेत नाही. गाडी पाहा.” डॉक्टरांनी अशा वेळेसाठी अमरावतीचा दवाखाना सांगून ठेवला होता. त्या दिवशी नेमका आठवडी बाजार, गावात एक गाडी मोकळी मिळेना. खालांनी मामाला फोन लावला. मामा नेरमध्येच होता. बाजाराला म्हणून दर आठवड्याला येत होता आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी गाडी लावून, दारात पाऊल न टाकता, खालांकडून माझी खबर घेऊन जात होता. हे आईला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. बोलेरो लगेच फाटकाशी आली. मामाने तोंडाला गमछा बांधून, काचा उघड्या टाकून अमरावतीपर्यंत गाडी हाणली, आणि वाटभर मागे वळून एकदाही पाहिलं नाही. दवाखान्यात तिथल्या तिथे सलाईनमधून औषध सुरू झालं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. मामा मग दवाखान्याच्या पायरीवर बसून लहान मुलासारखा रडला.

शेवटची किमो होऊन माझे काउंट जागेवर आले, डॉक्टरांनी बाहेर फिरायची परवानगी दिली, त्या दिवशी सकाळी खालांनी कडी काढली. खुर्ची काखोटीला मारली, मला एकदा नखशिखांत न्याहाळलं आणि म्हणाल्या, “जाय आता, गावभर उंडार.” मी शाळेत रुजू झालो. खाला दुसऱ्या फाटकावर रुजू झाल्या. एका घरचं आजारपण संपलं की दुसऱ्या घरी निघायचंच. यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात योजनेचे कागद कोणत्या खिडकीवर द्यायचे, नव्या पेशंटला दात घासायला नरम ब्रश का घ्यायचा, दाढीला वस्तरा का नको, हे सगळं त्या लसूण सोलता सोलता समजावायच्या. कधी मी सोबत असायचो. त्या मला पुरावा म्हणून नेत.

पुढे त्यांची गोळी काम देईनाशी झाली. बदलून दिलेली गोळीही लागू पडली नाही, आणि मुलगी त्यांना पुसदला घेऊन गेली. सुट्टी मिळताच मी बस पकडली. जावयाचं गॅरेज, मागे घर, घराला फाटक. मी कडीला हात लावणार तोच जावई आतून आला, मला ओळखून हसला, आणि बाहेरच एक खुर्ची मांडून लसणाची टोपली माझ्या मांडीवर ठेवली. म्हणाला, अम्मी आंघोळ करून राह्यली.

मी मुकाट्याने सोलायला बसलो. थोड्या वेळाने खिडकी उघडली. खाला अर्ध्या झाल्या होत्या, डोक्यावर टोपी होती, डोळे मात्र तेच. मला बसमधल्या धुळीने शिंक आली. त्यांनी खिडकीचं एक दार लावून घेतलं. मी म्हटलं, धूळ आहे खाला, सर्दी नाही. त्या म्हणाल्या, “धूळ असो का फूल असो, मागं सरक.” मी सरकलो. मग त्यांनी विचारलं, गल्लीतल्या शिंपीकाकांना आपल्यावाला निघाला म्हणतात, ते खरं का. मी हो म्हटलं.

“मंग तू इथं काय करून राह्यला? त्यायच्या फाटकावर कोण आहे?”

कुणीच नव्हतं. मी त्याच संध्याकाळच्या बसने परतलो. दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की शिंपीकाकांच्या फाटकावर खुर्ची टाकून बसू लागलो. मला खालांसारखं जमत नाही. मी लोकांना फार समजावत बसतो, त्या मानाने लसूण कमी सोलला जातो.

तिथेच बसलो असताना जावयाचा फोन आला.

पुसदला पोचलो तेव्हा घरासमोर माणसं दाटली होती. बायका आत जात होत्या, बाहेर येत होत्या, कुणी खोकत होतं, कुणाच्या कडेवर शेंबडी पोरं होती. फाटक सताड उघडं होतं. मी आत शिरलो आणि सवयीने मागे वळून कडी लावली. जावई जवळ आला. त्याने माझ्या हाताखालून ती हळूच काढली.

“राहू द्या मास्तर,” तो म्हणाला. “आता येऊ द्या सर्वायले.”