माझ्या वाट्याचा सूर्योदय आईने पाहिला

बलूनमधून सूर्योदय पाहिला का, असं परवा एका मैत्रिणीने विचारलं. मी बलूनमध्ये होते आणि सूर्यही उगवला, एवढं खरं. बाकीचं मलाच अजून कळलेलं नाही.

दिवसा मी हिंगणघाटला एका शाळेत शिकवते. एसटीने वर्ध्याजवळ बोरगाव मेघेला घरी आलं की पुढच्या खोलीत वस्तीतल्या मुलींचा अभ्यासवर्ग, फुकट, रविवारीसुद्धा. घरातली पहिली पदवीधर मी. मिळालं ते वाटलंच पाहिजे, असं मनापासून वाटतं. पण गेले काही महिने खडू हातात धरून मी नुसतीच उभी राहायचे.

"एखाद दिस सुट्टी घेत जाय वं," आई म्हणायची.

एक दिवस वर्ग बंद राहिला की घरचे मुलींना कामाला लावतात, मग त्यातल्या काही परत येतच नाहीत. हे आमच्याकडे घडलेलं आहे.

सेलूच्या पुढे, बोर धरणाच्या बाजूला यंदा हिवाळ्यात गरम हवेचा बलून उडतो हे कळलं, तेव्हा आईनेच जायचं ठरवलं. लहानपणी बलूनच्या चित्राचं एक कॅलेंडर होतं. वर्ष संपलं तरी मी ते भिंतीवरून काढू दिलं नव्हतं. तिला ते आठवत होतं.

वर्ध्याहून सेलूपर्यंत एसटी आहे. पुढे ऑटो करावा लागतो. परतीचाही तेव्हाच ठरवा. शेवटचा तुकडा सोडला तर रस्ता बरा. उड्डाण पहाटेचं, म्हणून आदल्या दिवशी मुक्काम हवाच. आम्हाला एका शेतातल्या घरी खोली मिळाली. जेवायला भाकर, वांग्याची भाजी, ठेचा. तिकीट शिक्षिकेच्या पगाराला जडच, मधल्या वारी थोडं कमी. वर्ग दहावीतल्या प्रियावर सोपवला होता आणि वाटभर तिला फोन करत होते. शेवटी तीच म्हणाली, "मॅडम, फोन ठेवा ना."

पहाटे पोचलो तर बलून शेतात आडवा पडून पंख्याची हवा घेत होता. मग बर्नर भडकला आणि तो उभा राहिला. वेताच्या टोपलीला चढायला खाचा असतात. साडीत अवघड जातं. आईने हात जोडले, चपला काढून बांधावर ठेवल्या आणि अनवाणी चढली.

"इतक्या वर जाचं, तर चप्पल घालून कसं जाचं?"

निघतो तिथेच बलून उतरत नाही, हे आम्हा दोघींच्याही ध्यानात आलं नाही.

उडताना धक्का लागत नाही, जमीनच खाली सरकते. धुक्यात तुरीची शेतं, संत्र्याच्या बागा, लांब धरणाचं पाणी. पूर्वेला नुसती लाली होती. आईने तिची शाल माझ्या खांद्यावर टाकली. बर्नरची ऊब डोक्यावर येत होती. मी टोपलीच्या कडेवर हात ठेवले, हातांवर हनुवटी टेकवली...

"ताई, उठा! गुडघे वाकवा, दोरी धरा!"

पायलट ओरडत होता. सूर्य चांगला वर आला होता. टोपली पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या शेतात दोनदा आपटली आणि थांबली.

"मले उठवलं काऊन नाई?" मी आईवर चिडले.

"किती दिसानं निजली होती तू. म्या काऊन उठवू?"

"इथं लोक किंचाळतात, रडतात," पायलट हसत म्हणाला. "घोरणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

मला हसू आलं नाही. ज्याची इतकी वर्षं वाट पाहिली, तेवढा वेळही मी जागी राहू शकले नव्हते.

आई मात्र सांगत सुटली. रोह्यांचा म्हणजे नीलगायींचा कळप पळाला, अंगणात सडा टाकणाऱ्या बाईने बादली ठेवून हात हलवला, सूर्य आधी पाण्यात दिसला. "तुया वाट्याचं बी पाह्यलं म्या." पायाखाली पऱ्हाटीचे खुंट. मी बूट काढून दिले, तर म्हणाली, "राहू दे, तू दमली." आम्हाला परत न्यायला जीप येईपर्यंत ती तशीच उभी राहिली. निघालो होतो तिथे जीपने परत आलो, तर बांधावर तिच्या चपला होत्या तशाच होत्या. सेलूत तर्री-पोहे खाल्ले आणि घरी आलो.

घरी प्रियाने दोन्ही दिवस वर्ग चालवला होता. एकही मुलगी कमी झाली नव्हती. मग बुधवार आणि रविवार मी तिला आणि तिच्या मैत्रिणीला देऊन टाकले.

काल बुधवार होता. पुढच्या खोलीत कुणीतरी सतराचा पाढा चुकीचा म्हणत होतं, आणि बाकीच्या तिच्यामागून तसाच म्हणत होत्या. आईने माझ्याकडे पाहिलं.

मी कूस बदलली आणि झोपले.